ओटीतला सोनटक्का

पणदरे,
१६ एप्रिल, बुधवार

ती. वन्संना मालनचा पाया पडून नमस्कार.

अक्षर ओळखून कागद बाजूला ठेवू नका, एवढं वाचा. फोन लावून थकले. तुमच्याकडं वाजतो आणि मधेच बंद होतो, म्हणजे भावजयीचा नंबर अजून ठेवला आहे तुम्ही. मोबाईलवर लांब लिहायचं मला जमत नाही, अंगठा भलतीकडं जातो. म्हणून ही डेअरीच्या जुन्या वहीची पानं. मागच्या बाजूला म्हशीच्या दुधाचं फॅट लिहिलेलं दिसेल, तिकडं लक्ष देऊ नका. कोरी बाजू वाया का घालवायची.

कामाचं लिहिते. आपल्या आळीत पंचायत बंद गटार करणार आहे. सगळ्यांच्या मोऱ्यांचं पाणी आता पाइपातून जाणार. मोरीमागं तुमच्या आईचा, आत्याबाईंचा, सोनटक्का आहे ती जागा बरोबर खोदाईत येते. पंचायतीचा माणूस चुन्यानं रेघ मारून गेला. म्हणाला, "काकू, पाच तारखेला जेसीबी येनार. झाड काडून घ्या, न्हायतर मातीसंगं जाईल." आता काढायचाच आहे, तर तुमचा वाटा तुम्ही घेऊन जावा असं वाटलं.

तुम्ही शेवटचा पाहिलात तेव्हा घमेल्याएवढा होता. आता गाडीच्या चाकाएवढा पसरलाय. कपडे धुवायचा धोंडा त्यानं एका बाजूनं उचलला, मोरीच्या कट्ट्याला चीर पाडली. पानं माझ्या खांद्याला लागतात. पण फूल नाही. श्रावणात महादेवाला किती फुलं गेली ते मी वहीत लिहिते, तुम्हाला माझी सवय माहीतच आहे. आत्याबाई होत्या त्या शेवटच्या श्रावणात दोनशे अकरा. मग कमी कमी होत एकोणीस. आणि गेली तीन वर्षं त्या जागी नुसती रेघ ओढलेली आहे. सोमवारी बेल घेऊन जाते आणि येते. विकतची फुलं या घरातून कधी गेली नाहीत, मी नेत नाही.

सुप्रिया म्हणते, "मम्मी, मोबाईलमदी दावतेत, दर तीन वर्सांनी उपटून येगळा करायचा असतो, न्हायतर फुलत न्हाय." सुप्रिया म्हणजे विजयसिंहची बायको, आपली सून. लग्नाला तुम्ही नव्हता म्हणून सांगते. मी तिला म्हटलं, मोबाईलवाल्याला म्हणावं आधी मोरी घास. पोरगी हसली. चांगली आहे, काम चुकवत नाही.

मागं तुम्ही नेलेला गड्डा लागला नाही असं फुलाबाईकडून कळलं. शेजारची फुलाबाई मार्चमध्ये भाचीच्या लग्नाला इंदापूरला आली, तेव्हा तुमच्याकडं चहा घेऊन गेली म्हणे. तुमच्याकडची जमीन चोपण, खारवट, पाणी मचूळ, त्यामुळं झालं असेल. एखादा गड्डा लागत नाही. मनावर घेऊ नये.

इकडं सगळं ठीक. तुमच्या भावाचा गुडघा दुखतो. ते तुमची आठवण काढत नाहीत, म्हणजे तोंडानं काढत नाहीत.

कधी येता ते कळवा. सकाळच्या गाडीनं बारामतीला उतरलात तर तिथून पणदऱ्याला लगेच मिळतं.

तुमची,
मालन

*

पणदरे,
२९ एप्रिल, मंगळवार

वन्सं, नमस्कार.

उत्तर नाही. पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला, "वहिनी, पत्र पोचलं न्हाय तर माघारी येतं. माघारी आलं न्हाय, म्हंजी पोचलं." म्हणजे पोचलं.

उद्या अक्षयतृतीया. उद्याच्या दिवशी मातीला टिकाव नको, म्हणून आजच काढायला घेतलं. विजयसिंह म्हणत होता जेसीबीच उचलून ठेवेल एका दणक्यात. मी नको म्हटलं. ह्यांनी दोन टिकाव मारले आणि गुडघा धरून कट्ट्यावर बसले. पुढचं मी आणि सुप्रियानं पहारीनं उचकटलं. कडेनं वीतभर सोडून गोल खणत गेलं की गड्डे तुटत नाहीत. तरी दमले. साठीला आले, आता कमर एकदा वाकली की सरळ व्हायला वेळ घेते.

वर निघाल्यावर पाणी मारून माती सोडवली. आल्यासारखेच गड्डे, वासही तसाच, जाडीला मात्र मनगटाएवढे. एकावर एक चढलेले, माती दिसायला जागा नाही. कडेचे ताजे, गुलाबी डोळ्यांचे. आणि मधे, जिथं आत्याबाईंनी पहिला कंद लावला होता, तिथं काळं पोकळ. हात घातला तर भुसा निघाला. सुप्रिया वाकून बघत म्हणाली, "मधलं मेलंय, कडंचं जागा मागतंय. फुलं कुटनं येत्याल?"

वन्सं, मी तीन वर्षं उपास वाढवत होते. सोमवारच्या जोडीला प्रदोष धरला, तेही पुरेना म्हणून चातुर्मासात एकवेळ जेवले. महादेव माझ्या हातचं घेत नाही असं धरून बसले होते. आणि फुलाबाई दर वर्षी एक गड्डा मागायची, तर तिला म्हणायचे आत्याबाईंची आठवण आहे, मोडायची नाही. दाटी झाली होती, दुसरं काही नाही. देवाचा राग नव्हताच असंही मी म्हणत नाही. मला तेवढं कळत नाही.

सगळे गड्डे पाचटाखाली सावलीत घातलेत. आता खुरप्याला धार लावून तुकडे करायचे, एकेका तुकड्याला दोन-तीन डोळे ठेवून. कापल्या जागी चुलीची राख चोळायची. हे मला शिकवायला नको. कोऱ्हाळ्याला माहेरी मी सात वर्षांची असल्यापासून उसाचं बेणं तोडायला बसत होते. बिनडोळ्याची कांडी टोपलीत पडली तर वडील हातावर फोक मारायचे. म्हणायचे, मेलेलं मातीत घालून पाणी वाया घालवू नये.

मागच्या पत्रात मी फुलाबाईचं अर्धंच लिहिलं. पुरं लिहिते. ती म्हणाली, चहा गाळता गाळता तुम्ही बोललात, "आई माज्यावर रुसून गेली, फुलाबाई. ती हाक मारत ऱ्हायली आन मी येळंला पोचले न्हाय. तिचा कंदसुदीक माज्या हाताला लागला न्हाय. मग कुठल्या तोंडानं म्हायेरी जाऊ?" हे सांगून फुलाबाई वर मला म्हणते, "तुमच्या सारजेला येडच लागलंय मालन, झाड मेलं तर कुनी म्हायेर सोडतं व्हय?" मी भाकरी थापत होते. परातीत तशीच मोडली.

आणि इथं तुमचा भाऊ समजतो की हक्कसोडावर सही केल्याचा तुम्हाला पस्तावा झाला. म्हणून येणं बंद केलंत, राख्या बंद केल्यात. एकदा जेवताना म्हणाले होते, "जमीन पायजे व्हती तर सईच्या आदी तोंड उघडायचं." मी पुढं भात वाढला. तुम्ही तशा नाही हे मला ठाऊक होतं, तरी भात वाढला.

आत्याबाई तुमच्यावर रुसल्या नव्हत्या. हे मी देवासमोर सांगेन. कशावरून ते पुढं लिहिते. त्याआधी तुम्ही या.

मालन

*

पणदरे,
३ मे, शनिवार

वन्सं,

तुमचं कार्ड काल आलं. तीन वाक्यं. "गड्डा नको. आईनं दिला नाही तो तुझ्या हातून घेऊन काय करू. भावाला सांभाळ." पोस्टमननं ते उंबऱ्यावर उभ्या उभ्या वाचलं असणार, त्याचं तोंड तसं झालं होतं.

आता लिहायलाच हवं. आत्याबाईंनी दिला होता. मी दिला नाही.

तेराव्याला तुम्ही मागितलात, तेव्हा मी म्हटलं सुतकातला कंद नेऊ नका, लागत नाही. तेव्हा खरंच तसं वाटत होतं की नुसतं टाळत होते, आता सांगता येत नाही. पुढं माघात तुम्ही सहीला आलात. बारामतीच्या ऑफिसात तुम्ही बाकावर आणि मी शेजारी. कारकुनानं विचारलं, "मावशी, भावाकडनं काय घेतलं का?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाय. आईचा सोनटक्का घेनार हाय." तो हसला, तुम्ही पण हसलात. मी बाहेर बघत होते.

घरी आल्यावर तुम्ही जेवायला बसलात आणि मी मोरीमागं गेले. चांगला गड्डा काढला, चार डोळ्यांचा. हातात धरून उभी राहिले. मग खुरप्यानं एकेक डोळा काढला. बेण्यावरचा किडका डोळा काढतात तसा, मुळापासून, खळगा पडेपर्यंत. मग वर ओली माती थापली, गोणपाट गुंडाळलं, सुतळीनं बांधलं. तुम्हाला म्हटलं वाटेत सोडू नका, वारं लागेल. आणि तो तुमच्या ओटीत घातला. तांदूळ, खण, नारळ आणि तो. कुंकू लावलं, वाकून पाया पडले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात.

ओटीत मेलेली वस्तू घालणारी बाई मी कुठं ऐकली नाही. मी सोमवार करते, दारात आलेल्याला रिकामं पाठवत नाही, कुणाची पै बुडवली नाही. आणि हे केलं.

का केलं ते लिहिते, पण ते सांगून सुटका होईल म्हणून नाही. आत्याबाईंचं अंथरूण आठ वर्षं मी काढलं. कुशीवर वळवणं, पाठीला पावडर, जखमेला हळद. मी कधी बोलून दाखवलं नाही, आजही बोलायचं नव्हतं. शेवटच्या महिन्यात त्यांच्या तोंडी एकच होतं. सारजा आली का. सारजेला निरोप धाडला का. तुमच्या छकुलीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं, तुम्हाला निघता येत नव्हतं, हे मी दिवसातून दहा वेळा सांगायचे आणि त्या विसरायच्या. आणि एका सकाळी पेज भरवताना मला म्हणाल्या, "सोनटक्का सारजेला दे गं. तिच्या हातालाच जगतोय त्यो." पेजेची वाटी माझ्या हातात. मनात आलं, मोरीचं पाणी त्याला तीस वर्षं कोण घालतंय. घरात जे काही जगलं ते कुणाच्या हातानं जगलं.

एवढंच होतं. लिहून काढलं तर चार ओळी झाल्या. त्या चार ओळींसाठी तुम्ही सहा वर्षं आईला रुसलेली समजलात.

अजून एक आहे. ते आज लिहवत नाही.

हे पत्र पोस्टात टाकायच्या आधी ह्यांना वाचायला देते. त्यांनाही सहा वर्षं फसवलंय.

दुपारी. त्यांनी वाचलं. चष्मा काढून खिशात ठेवला आणि गोठ्यात गेले. तासाभरानं आले तेव्हा मी चहा दिला तो घेतला नाही. म्हणाले, "आक्कानं सई करताना एक शबुद काडला न्हवता, मालन." मी हो म्हटलं. म्हणाले, "आन मी तिला काय काय म्हनलो." मग म्हणाले, "पोस्टात टाकू नगं. मी जातो उद्या घेऊन."

गुडघ्याचं काय, विचारलं तर पिशवी काढायला लागले. पहिल्याच गाडीनं निघणार आहेत. अकरा तुकडे देते. सगळे धुऊन स्वच्छ केलेत, माती ठेवली नाही, गोणपाट नाही, बांधलं नाही. भाजीच्या उघड्या पाटीत मांडलेत, डोळे वर करून. गाडीत वारं लागलं तर लागू दे. तुम्हाला एकेक बघता आला पाहिजे.

मालन

*

पणदरे,
९ मे, शुक्रवार

वन्सं,

तुमचे भाऊ तुमच्याकडं तीन दिवस राहिले आणि परवा आले. आल्यावर पहिला दिवस गुडघ्याला तेल लावण्यात गेला. बोलले काल. तेही माझ्याकडं न बघता, म्हशीला वैरण टाकता टाकता.

म्हणाले, आक्कानं दारातच पत्र वाचलं. रडली नाही, ओरडली नाही. पाटी खाली ठेवून एकेक गड्डा उचलून फिरवून बघितला, बाजारात बटाटा बघतात तसा. मग त्यांना घरामागं घेऊन गेली. म्हणाले, "तितं न्हाणीच्या मागं धोंड्यांचं आळं हाय, मालन. आत काय न्हाय. नुसती माती. तांदळाचं धुणं रोज तितं वतती. सा वर्सं. काय लावलं न्हाय, काय येऊ दिलं न्हाय. मी हात घातला तर मनगटापातूर आत गेला."

एवढं सांगून त्यांनी पेंडी सोडायला घेतली, सुटेना. मी सोडून दिली.

मग म्हणाले, "म्हनलं आक्का, आता लाव की. तर म्हनली, लावीन तवा लावीन. आदी मालनला म्हनावं, त्वा लिवलंस अजून एक हाय, ते लिव. आई शेवटाला काय म्हनली ते. आन ग्वाड करून नगं. खरं लिव म्हनावं."

गोड करून लिहिण्याची माझी पात्रता राहिली नाही. जसं झालं तसं लिहिते.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. दुपारी चारचा सुमार. हे शेतात पाणी धरायला गेले होते, विजयसिंह कॉलेजात, घरात मी एकटी. मी पूजेची मांडामांड करत होते. आत्याबाईंचा श्वास सकाळपासून बदलला होता, मला कळत होतं. त्यांनी हाक मारली. "सारजे." मी पाटावरून उठून गेले. त्यांना दिसत नव्हतं, डोळे उघडे होते पण माझ्या मागं कुठंतरी बघत होत्या. हातानं चाचपून माझं मनगट धरलं. बांगड्या मोजल्यासारखी बोटं फिरवली. म्हणाल्या, "आलीस का गं? लय उशीर केलास."

मी म्हणू शकले असते, आत्याबाई, मी मालन. दिवसभर तेच म्हणत होते. त्या वेळेस ते तोंडातून आलं नाही. मी म्हटलं, "आले आये. छकुलीमुळं उशीर झाला."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना आत्याबाईच म्हणत आले. आये तुम्ही म्हणता. ते कसं आलं मला माहीत नाही.

त्यांनी विचारलं, "काय झालं छकुलीला?" मी म्हटलं, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." तोवर मुलगी झाली नव्हती, तुम्हाला ठाऊकच आहे, रात्री झाली. त्या हसल्या. दात नव्हते, तरी हसल्या ते कळलं. म्हणाल्या, "बरं झालं आलीस. आता काय न्हाय." मग पाणी मागितलं. मी तुळशीचं पान बुडवून तीन वेळा ओठाला लावलं. तिसरं आत गेलं नाही, बाजूनं वाहिलं.

झालं. दुसरं काही म्हणाल्या नाहीत.

तुम्ही दिवेलागणीला आलात, धाय मोकलून रडलात, "आईनं माज्या हातचं पानी घेतलं न्हाय" म्हणत रडलात. मी तुमच्या शेजारी बसले होते. एक वाक्य सांगायचं होतं. ते सांगितलं नाही. आठ वर्षांचं माझं सगळं करणं त्या शेवटच्या घोटासकट तुमच्या नावावर गेलं, असं मला वाटलं. त्या पाण्यावर तरी माझं नाव असावं असं वाटलं. दीड महिन्यानं खुरपं उचललं ते त्यासाठी.

वन्सं, तुम्ही वेळेला पोचला होता. आत्याबाईंच्या लेखी तुम्ही चार वाजता घरात होता, त्यांच्या हातात तुमचा हात होता, आणि पाणी तुम्ही पाजलं. रुसवा नव्हता. उशीर केलास म्हणाल्या, तेवढाच. आणि तोही लगेच सोडून दिला.

हे तुमचं होतं. सहा वर्षं माझ्याकडं राहिलं. आता पोचवलं.

गड्डे लावाल न लावाल, तुमची मर्जी. ठेवायचे झाले तर सावलीत ठेवा, महिनाभर टिकतात, सुकत आले तर वरून पाण्याचा हात फिरवा.

मालन

*

पणदरे,
२० मे, मंगळवार

ती. वन्संना नमस्कार.

काल तुमचा फोन आला, मग हे पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर माझ्याच्यानं बोलवलं नाही, तुमचंच ऐकत होते. म्हणून लिहिते.

नाव दिसलं तेव्हा हात पिठाचे होते. सुप्रियानं बटण दाबून कानाला लावला. तुम्ही हॅलो म्हणाला नाहीत. एकदम म्हणालात, "डोळा वर ठिवायचा का खाली?"

तुम्हाला विचारायला नको. चाळीस वर्षं हळद, आलं, ऊस लावताय. मी म्हटलं, "आडवा, वन्सं. डोळा वर. चार बोटं माती, त्याच्यावर पाचट." तुम्ही म्हणालात, "मला म्हाईत हाय."

सुप्रिया फोन धरून उभी, तिचा हात अवघडला असणार.

मग तुम्ही विचारलंत, "पानी कशानं पाजलंस? चमच्यानं?" मी म्हटलं, "न्हाय, तुळशीच्या पानानं." तुम्ही म्हणालात, "हां." जरा वेळानं परत, "आन बांगड्या खरंच चाचपल्या?" मी म्हटलं, "चाचपल्या. उजव्या हाताच्या." तुम्ही म्हणालात, "माज्या उजव्या हातात पाटल्या हायत्या. काचंच्या न्हायत. तिला कळलं असंल." ते मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं. कळलं असेल का, आता कुणाला विचारणार. कळूनही माझ्याच हातानं पाणी घेतलं असेल, तर तेही असू दे.

शेवटी म्हणालात, "ठिवते. म्हस वरडतीया." पण ठेवला नाहीत. मीही ठेवला नाही. तुमची म्हैस बराच वेळ ओरडत होती, ती ऐकू येत होती. दूध काढायची वेळ झाली असेल.

इकडं गटार झालं. मोरीमागं आता सिमेंटची झाकणं आहेत, त्यावर फुलाबाईनं लगेच शेवया वाळत घातल्या. तिला तीन तुकडे दिले. ती म्हणाली, "आज सूर्य कुटं उगावला गं?" मी म्हटलं, गटार झालं ना, म्हणून. दोन तुकडे महादेवाच्या पुजाऱ्याला दिले, देवळाच्या नळापाशी ओल असते. माझ्याकडं फुटक्या घमेल्यात एक ठेवलाय. वापरलेलं पाणी बादलीनं नेऊन घालते. या वर्षी फुलेल असं वाटत नाही, कापल्यावर एक हंगाम धरत नाही कधी कधी. वहीत श्रावणाचं पान आखून ठेवलंय, पण त्यात तुमच्याकडचं फूल लिहायचं की नाही ते तुम्ही सांगाल तसं.

ह्यांनी काल संध्याकाळी जेवताना विचारलं, "आक्का काय म्हनली?" मी म्हटलं, डोळा वर का खाली ते विचारत होत्या. त्यांनी घास खाली ठेवला आणि हसले. कितीतरी महिन्यांनी हसताना बघितलं.

मी या म्हणत नाही. त्या दिवशी या म्हटलं होतं ते गड्ड्याचं निमित्त करून, आता निमित्तही राहिलं नाही. एवढंच आहे की तुमची ती माघातली ओटी मी भरली असं धरत नाही. ती राहिली आहे. तांदूळ घरचेच आहेत. खण सुप्रियानं बारामतीहून आणला, हिरवा, तुम्हाला आवडतो तसा. नारळही आणून देवापुढं ठेवलाय.

सुकला तर दुसरा आणीन.

तुमची,
मालन